दुखणे एक की अनेक?

आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या तरुण बाईला प्रकृतीविषयी विचारावे, तर पहिले उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही जी, कसंतरी वाटते.’ या ‘कसंतरी’मध्ये काय काय दडलेले असते त्याची फोड करून पाहावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. थकवा असतो, डोळ्यांपुढे अंधारी असते, चढण चढताना धाप असते, गुडघ्यांत ठणका असतो, सकाळी पाठ धरलेली असते. पाळी कधी फार जाते, कधी दोन दोन महिने येत नाही. केस गळतात, अंगात कसकस असते, झोप लागत नाही. या गोष्टी वेगवेगळ्या बायांच्या नव्हेत. एकाच बाईला, एकाच वर्षात, एकमेकींत गुंतून होत असतात. आणि ही बाई वीस-बावीस वर्षांची असते, म्हणजे घरच्यांच्या मते तिला काही होण्याचे वयच नसते.

आम्ही वैद्यकी शिकलेलो नाही. शाळाच मुळी दहावीच्या अलीकडे सुटली. जिनिंगमधल्या आणि शेतमजूर बायांच्या संघटनेचे काम करताना रजेच्या अर्जासाठी, मदतीच्या प्रकरणासाठी दवाखान्याची कागदपत्रे वाचावी लागली. न कळलेले शब्द डॉक्टर मंडळींना विचारावे लागले, पुस्तकांत शोधावे लागले. तीच आमची शाळा. तेव्हा निदान कसे करावे हे आम्ही सांगणार नाही, ते डॉक्टरांनीच करावयाचे. परंतु निदानापर्यंत तक्रार नीट पोचवणे हे काम डॉक्टरांचे नव्हे, ते आपले आहे. आणि आमच्या अनुभवाने गाडी अडते ती बहुधा याच ठिकाणी.

हे दुखणे आजकालचे नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणांपैकी सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेस जाण्यापूर्वी, कलकत्त्याकडे असतानाच त्यांना अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप अशा तक्रारी होत्या. औषधे झाली, गुण आला नाही. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे एकवीस. त्या काळी क्षयाचा जंतू सापडून पाच वर्षेही झाली नव्हती आणि क्ष-किरणांचा शोध लागावयास आणखी आठ वर्षे होती. ताप, धाप आणि अशक्तपणा ही एकाच दोऱ्यातली फुले आहेत की वेगवेगळ्या झाडांची, हे पाहण्याचे साधनच तेव्हा कोणापाशी नव्हते.

आज साधन आहे. मग अडते कोठे? अडते ते तक्रारींची वाटणी होते म्हणून. बाई गुडघ्याचे दुखणे घेऊन एका दवाखान्यात जाते, तेथे वेदनाशामक गोळी मिळते. पाळीचे सांगावयाचे तर ते सासूच्या देखत सांगता येत नाही, म्हणून ते गावातल्या आशाताईजवळ कुजबुजते. तेथे लोहाच्या गोळ्या मिळतात. डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे. धडधडीसाठी आणखी कोणाकडे, आणि त्याने ‘गॅस’ म्हणून सांगितलेले असते. फारच अशक्तपणा आला तर सलाईन. पाच ठिकाणच्या पाच चिठ्ठ्या होतात, आणि त्या पाचही चिठ्ठ्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या कोणीच पाहिलेल्या नसतात. बाईनेसुद्धा नाही.

वास्तविक येथे दोन उलटसुलट शक्यता असतात. एक, एकच आजार पाच तोंडांनी बोलत असतो. दुसरी, पाच आजार एकाच तोंडाने बोलत असतात. थकवा हे असे तोंड आहे की त्यातून कोणीही बोलतो. डॉक्टर लोक विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू शिकवतात. चौदाव्या शतकातल्या ओकमच्या विल्यम नावाच्या इंग्रज साधूच्या नावाने एक नियम चालतो, की एका कारणाने भागत असेल तर उगाच चार कारणे मानू नयेत. उलट अमेरिकेतील डॉ. जॉन हिकम यांच्या नावाने दुसरा चालतो, की एका रोग्याला हवे तितके रोग एका वेळी होऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यात या दोघांचेही खरे ठरते, आणि कित्येकदा एकाच बाईच्या बाबतीत खरे ठरते. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रथम सिकलसेलकडे वळले पाहिजे.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रोग्याची हकीकत छापली. रोगी म्हणजे ग्रेनेडा बेटावरून आलेला, दंतवैद्यकी शिकणारा एक तरुण. त्याच्या तक्रारी पाहा : धाप, धडधड, अशक्तपणा, पायांवर जुन्या व्रणांचे डाग, अधूनमधून डोळे पिवळे होणे, सांधे-स्नायूंचे दुखणे. आमच्या एखाद्या बाईचाच पाढा! हेरिक यांनी हे सारे एकत्र लिहिले, रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि गोल तांबड्या पेशींऐवजी लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या हेही लिहिले. पायाचा व्रण आणि डोळ्यांचा पिवळेपणा यांचा काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण दोन्ही एका कागदावर आले म्हणून संबंध पुढे उघडा पडला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे.

दोष एवढाच, की प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याच्या ताठ काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पुढचे सारे त्यातून येते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पलीकडच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून थकवा, धाप, धडधड. फुटलेल्या पेशींतून पिवळे द्रव्य सुटते. म्हणून डोळे पिवळे, आणि पुढे पित्ताशयात खडे. घोट्याजवळ रक्त नीट पोचत नाही. म्हणून तेथली जखम भरत नाही. डोळ्यापासून घोट्यापर्यंतच्या तक्रारी आणि कारण एक. ओकमचा साधू येथे जिंकला.

हा आजार भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी जमातींत प्रथम नोंदला गेला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले. आज गोंड, कोलाम, परधान या आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत तो आहेच, शिवाय विदर्भातल्या इतर अनेक जातींतही आहे. यात कोणा जातीला उणेपणा मानण्याचे कारण नाही. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले, की हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असेल तर तो मलेरियापासून संरक्षण देतो. जेथे जंगल आणि हिवताप, तेथे पिढ्यान्‌पिढ्या हा गुण टिकला. भारतातल्या काही रोग्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात उरते आणि आजार सौम्य राहतो. म्हणूनच एखादी मुलगी बावीस वर्षांची होते, लग्न होते, आणि तोवर कोणी तिचे रक्त त्या दृष्टीने तपासलेले नसते.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. त्याचे मोठे कारण लोहाची उणीव. आणि उणीव होते ती पाळीवाटे जाणाऱ्या रक्ताने, लागोपाठच्या बाळंतपणांनी, आणि घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याने. ही उणीव सिकलसेलवाल्या बाईला होत नाही असे नव्हे. तिच्याही पाळीला अंगावरून फार जात असेल तर लोह तिचेही कमी होते. उलट सिकलसेलमध्ये पेशी फुटतात तेव्हा त्यातले लोह शरीरातच राहते. म्हणून लोह कमी आहे की नाही हे न पाहता वर्षानुवर्षे गोळ्या चारणे, आणि त्यात वारंवार रक्त भरणे, यांनी लोह साठून अपाय होतो. फेरिटिन नावाची रक्ततपासणी याचा बराचसा उलगडा करते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जी मुलगी केवळ वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आला आहे, तिचे रक्त त्या कारणाने सहसा कमी होत नाही. वाहक आहे आणि हिमोग्लोबिन आठ आहे, तर कारण दुसरे आहे आणि ते शोधलेच पाहिजे. ‘तिला सिकल आहे ना, मग तसेच असावयाचे’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा आमच्याकडे वारंवार ऐकू येणारा घोटाळा होय.

तिसरी गोष्ट पाण्याची. पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी जामणी या भागांतल्या कित्येक विहिरी-बोअरमध्ये फ्लोराइड अधिक आहे. पांढरकवडा परिसरातल्या भूजलावरचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. लहानपणी असे पाणी प्यालेल्याच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी चालू राहिले की पाठ, मान, गुडघे आखडतात. पाणी उकळून हे जात नाही, आटल्याने उलट दाट होते. दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला यांनी २०१० साली असेही दाखवले, की गरोदर स्त्रियांच्या पाण्या-अन्नातले फ्लोराइड दूर करून आहार सुधारला तर त्यांचे हिमोग्लोबिन वाढते. म्हणजे पाण्याचा धागा पुन्हा रक्ताशी येऊन मिळाला. सांधेदुखी रक्ताची, तशी पाण्याचीही; अशक्तपणा पाण्याचा, तसा पाळीचाही. हिकमसाहेबांचेही खरे झाले.

तर मग गुंता सोडवावा कसा? तक्रारींच्या नावांनी तो सुटत नाही, कारण नावे सर्वांची सारखीच आहेत. तो सुटतो वेळेने. हे आम्हांला वैद्यकाच्या पुस्तकाने शिकवले नाही, हजेरीच्या वहीने शिकवले.

एका जिनिंगमधल्या बावीस वर्षांच्या बाईची रोजी खाड्यांपायी कापली जात होती. ‘कामचुकार आहे’ असे मुकादमाचे म्हणणे. मजुरीच्या तंट्यासाठी आम्ही त्या हंगामातले तिचे सगळे खाडे वहीतून उतरून घेतले होते. पुढे दवाखान्याच्या कामासाठी तोच कागद तिच्यासमोर ठेवून एकेका तारखेला काय झाले होते ते विचारीत गेलो. संघटनेतल्या एक वडीलधाऱ्या बाई शेजारी होत्या, म्हणून पाळीचेही बोलणे झाले. खाडे तीन तऱ्हेचे निघाले, खरे तर दोनच. चार-पाच दिवसांचे सलग खाडे पौषातल्या कडाक्याच्या थंडीनंतर होते, आणि एक मोठा खाडा तापानंतरचा. त्या वेळी मांड्यांत आणि पाठीत कळा येत, डोळे पिवळे होत. दुसरे खाडे एकेका दिवसाचे, महिन्याच्या अंतराने. तिसरी तक्रार, सकाळी पाठ आखडण्याची, वहीत कोठेच नव्हती. कारण ती रोजची होती आणि रोजच्या दुखण्याला बाई खाडा करीत नाही.

हा कागद डॉक्टरांनी पाच मिनिटे पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो सिकलसेलचा. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनीच त्या आजाराच्या कळा उठतात. तपासणीत ती सिकलसेलची रोगी निघाली, वाहक नव्हे. फेरिटिनही कमी निघाले, म्हणजे पाळीचे दुखणे आपल्या जागी खरे होते. आणि तिच्या माहेरच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर निघाले. दातांवरचे पट्टे तर कोणालाही दिसत होते. मुख्य आजार एक, सोबतीला दोन. सहा वर्षे तिच्या पाठीस ‘नाटक करते’ हा शेरा होता.

वेळेची ही खूण इतर दुखण्यांतही उपयोगी पडते. कापसाच्या धुळीने छाती आवळते ती सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त. रक्तक्षयाची धाप सुटी-बिटी पाहत नाही, ती चढण पाहते. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला किंवा मानेतली गाठ असेल तर क्षयाची तपासणी आधी. क्षय गर्भनलिकांतही होतो आणि तेथे खोकला मुळीच नसतो, पाळी कमी होते आणि मूल होत नाही. बोटांचे लहान सांधे सकाळी तासभर आखडून मग सैल होतात, ही तऱ्हा संधिवाताची. उन्हात गेल्यावर गालांवर लाली, तोंडात फोड, केस गळणे आणि सांधे दुखणे एकत्र असेल तर ल्यूपस नावाचा आजार डॉक्टरांच्या मनात यावा लागतो. त्याच्या दहा रोग्यांत नऊ स्त्रिया असतात आणि त्याही बहुधा तरुण. थायरॉइड मंदावल्याची तक्रार महिन्यामहिन्याने, इतकी हळू वाढते की बाईला ती आपला स्वभावच वाटू लागते : थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ, अंगावरून फार जाणे. त्याला टीएसएच ही एक तपासणी पुरते.

फवारणीचे मात्र वेगळे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. बाया पंप क्वचितच पाठीवर घेतात, पण औषधासाठी पाणी आणणे, कालवणे, फवारलेल्या शेतात निंदण करणे त्यांच्याकडेच असते. मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणे, स्नायूंची फडफड हे सारे त्याच दिवशी, काही तासांत सुरू होते. तेथे कागद लिहीत बसावयाचे नाही. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात.

आणि मनाचे? कर्जाने किंवा आत्महत्येने माणूस गेलेल्या घरातल्या तरुण बाईला झोप येत नाही, अंग दुखते, भूक मरते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. मनाचे दुखणे खरेच दुखणे आहे आणि त्यालाही औषध आहे. आमचा आक्षेप आहे तो रक्त न तपासता ‘मनाचे आहे’ म्हणून मोकळे होण्याला. तपासण्या सगळ्या ठीक निघाल्या तर त्याचा अर्थ काहीच झालेले नाही असाही नव्हे.

तेव्हा दवाखान्यात जाताना एकच कागद न्यावा. त्यावर वरपासून पायापर्यंतच्या सर्व तक्रारी, लाजेच्यासुद्धा. प्रत्येकीपुढे केव्हा सुरू झाली, रोज असते की येते-जाते, थंडीत, पाळीत, कामावर की विसाव्यात वाढते. कोणत्या बोअरचे पाणी पितो, काम काय, घरात कोणाला असेच होते का, आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे. बाईला लिहिता येत नसेल तर शाळेतले पोर लिहील. पाळीचे मात्र दुसऱ्या बाईने लिहावे.

सिकलसेलच्या तपासणीविषयी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रोगी हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. पहिला कागद हातात आला म्हणून रडू नये आणि निर्धास्तही होऊ नये. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजली. रोगी निघाल्यास हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड यांसारखी औषधे आहेत. कळा कमी होतात. मूल हवे असेल तर हायड्रॉक्सियुरियाविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे लागते.

या तपासणीला मुली भितात त्याचे कारण सुई नव्हे, लग्न होय. ‘सिकलवाली’ म्हणून मुलगी नाकारली जाते आणि मुलाचे रक्त कोणी पाहत नाही. हिशेब तर उघड आहे : दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक, एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर मूल रोगी होत नाही, फार तर वाहक होते. म्हणजे तपासणी दोघांची हवी. पत्रिका दोघांची पाहतात, मग रक्त एकीचेच का?

त्या जिनिंगमधल्या बाईला पुढच्या हिवाळ्यात रात्रपाळीतून वगळावे आणि कामाच्या जागी पिण्याचे पाणी ठेवावे, एवढ्या दोन मागण्या आम्ही केल्या. पाणी आले; रात्रपाळीचे भांडण अजून चालू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे आमच्या कित्येक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नव्हते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर काही सवलतींचा हक्क लागतो. तो अर्ज तिने केला आहे, आणि सोबत खाड्यांची ती नक्कल जोडली आहे.